डॉक्टरांनी सांगितलं असेलच

गेल्या रमजानच्या अकराव्या रोज्याला आमच्या गल्लीतले एक चाचा असरच्या नमाजला निघाले आणि मशिदीच्या पायऱ्यांवर कोसळले. साखर ४१ वर आली होती. ग्लुकोज दिल्यावर शुद्धीवर आले, पण पडताना खुब्याचं हाड मोडलं होतं. चाचा शिंपी आहेत. पायाने चालवायच्या मशीनवर त्यांची चाळीस वर्षं गेली. ईदच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे शिंप्याचा सगळा हंगाम. त्यांच्या दुकानात कापून ठेवलेले कुर्ते तसेच पडून राहिले आणि लोक एकेक करून आपलं कापड परत घेऊन गेले.

त्यांना ती गोळी मी दिली होती.

मी फार्मासिस्ट आहे, एका खाजगी हॉस्पिटलच्या मेडिकलवर बसते. रमजान लागायला चार दिवस होते. चिठ्ठी बरोबर होती, गोळी बरोबर होती, मात्रा नेहमीची होती. ग्लिमेपिराइड, सकाळी नाश्त्याआधी एक. चाचांनी पिशवी घेताना विचारलं, "बेटी, रोजे में भी यहीच लेना ना?" आणि मी, मागे रांग उभी असताना, म्हणाले, "डॉक्टर साहब ने जो लिखा है, वहीच लेना." त्यांनी तसंच केलं. नाश्त्याआधी म्हणजे सहरीला. पुढे दिवसभर पोटात काही नाही आणि गोळी मात्र आपलं काम करत राहिली.

चाचा घरी आल्यावर मी कुणी न सांगता एक उद्योग केला. त्या दिवशी त्यांना भेटलेल्या प्रत्येकाला जाऊन विचारलं. ओपीडीतल्या सिस्टरला माहीत होतं की चाचा पूर्ण रोजे ठेवणार आहेत. बीपी घेताना ते स्वतःच बोलले होते. पण केसपेपरवर ते लिहायला रकाना नाही. आहारतज्ज्ञ मॅडमनी छापील तक्ता दिला होता, सकाळी अकराला एक फळ, दुपारी दोन पोळ्या. चाचा हसून म्हणाले होते, "ये तो ईद के बाद." मॅडमही हसल्या होत्या. लॅबवाल्याने त्यांचा क्रिएटिनिन काढला होता, १.९. रिपोर्ट तयार झाला तेव्हा ओपीडी संपली होती, म्हणून पाकिटात घालून ठेवला. मूत्रपिंड मंदावलं की या जातीच्या गोळीने साखर जास्त खाली जाऊ शकते, हे मला माहीत होतं, पण रिपोर्ट माहीत नव्हता. त्याला रिपोर्ट माहीत होता, गोळी माहीत नव्हती. प्रत्येकाने मला एकच वाक्य ऐकवलं, जे माझ्याही मनात होतं: डॉक्टरांनी सांगितलं असेलच.

आणि डॉक्टर? वाचणाऱ्यांपैकी काहींना एव्हाना वाटलं असेल की डॉक्टर गैरमुस्लिम असणार, त्यांना रोज्याचं काय कळणार. तर नाही. डॉक्टर आपल्यातलेच, स्वतः रोजेदार. ते म्हणाले, "एवढी शुगर असलेला माणूस रोजा ठेवणार असेल तर विचारेल ना मला?" चाचांनी विचारलं होतं. मला विचारलं होतं.

यात निष्काळजी कोण, हे शोधायला गेलात तर कुणी सापडणार नाही. रमजानमध्ये ग्लिमेपिराइडचं काय करावं, हा प्रश्न परीक्षेत आला असता तर मी पूर्ण गुण मिळवले असते: गोळी इफ्तारला न्यावी, गरजेप्रमाणे मात्रा कमी करावी, तो निर्णय डॉक्टरांनी घ्यावा. तोपर्यंतचं उत्तर पाच जणांत वाटलेलं होतं आणि ते एकत्र आणायचं काम कुणाच्याच अभ्यासक्रमात नव्हतं.

हा काही आमच्या गल्लीपुरता अपघात नाही. २००१ साली १३ देशांतल्या बारा हजारांहून जास्त मधुमेही मुसलमानांचा अभ्यास झाला, 'एपिडियार' नावाचा. टाइप दोनच्या रुग्णांत साखर धोकादायक खाली जाण्याचं प्रमाण इतर महिन्यांच्या तुलनेत रमजानमध्ये सुमारे साडेसात पट झालं होतं. तो अभ्यास २००४ मध्ये छापून आला. त्यानंतर रमजानसाठी खास मार्गदर्शक सूचना निघाल्या, २०१६ मध्ये, पुन्हा २०२१ मध्ये. म्हणजे ज्ञान आहे. ते सिस्टरकडून डॉक्टरकडे आणि डॉक्टरकडून माझ्या काउंटरपर्यंत चालत येत नाही.

का येत नाही, याचं उत्तर मला माझ्या कॉलेजात सापडतं. चार वर्षं बी.फार्म. केलं. त्या चार वर्षांत नर्सिंगच्या एकाही विद्यार्थिनीशेजारी मी बाकावर बसले नाही. एमबीबीएसचा विद्यार्थी मी पहिल्यांदा जवळून पाहिला तो हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये, ट्रेनिंगला असताना, आणि त्याने मला चहा सांगितला. त्याला वाटलं मी कँटीनची आहे. पांढरा कोट दोघांच्याही अंगावर होता, हे विशेष.

आपल्या राज्यात तर ही भिंत कागदावरच उभी आहे. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये झालं. एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, बी.एस्सी. नर्सिंग, फिजिओथेरपी हे सगळे त्याच्या छत्राखाली आहेत. फार्मसी नाही. बी.फार्म. इतर विद्यापीठांकडे आणि डी.फार्म. तंत्रशिक्षण मंडळाकडे, म्हणजे आम्ही सिव्हिल आणि मेकॅनिकलच्या भावंडांत. वर दिल्लीत प्रत्येकाची परिषद वेगळी, आयोग वेगळा. गंमत म्हणजे कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक आहे. २०१९ च्या वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ५० मध्ये आधुनिक वैद्यक, होमिओपॅथी आणि भारतीय वैद्यक यांच्या परिषदांनी वर्षातून निदान एकदा एकत्र बसावं असं म्हटलं आहे. वर्षातून एकदा, आणि वरच्यांनी. खाली चाचांची फाइल ज्यांच्या हातांतून जाते त्यांनी कधी बसायचं?

माझी मागणी सरळ आहे. आरोग्यक्षेत्रात शिकणाऱ्या सगळ्यांनी अभ्यासाचा काही भाग एकत्र शिकलाच पाहिजे, दुसऱ्या वर्षापासून, गुणांसकट. आणि दिल्लीची वाट न पाहता याची सुरुवात आपल्या समाजाच्या संस्थांनी केली पाहिजे, कारण त्यांना ते आज शक्य आहे.

या प्रकाराला इंटरप्रोफेशनल एज्युकेशन म्हणतात. मराठीत 'सहशिक्षण' म्हणावं तर आपले काही बुजुर्ग दुसऱ्याच कारणाने दचकतील, म्हणून मी 'एकत्र शिक्षण' म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये त्याचा आराखडा काढला. त्यात सांगितलेली कसोटी सोपी आहे: दोन किंवा अधिक व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकायचं. तीनशे पोरं एका सभागृहात कोंबून 'टीमवर्क' या विषयावर पाहुण्यांचं भाषण ठेवणं यात बसत नाही. तशी भाषणं मी ऐकली आहेत. शेवटी समोसा मिळतो. स्वीडनमधल्या लिंशॉपिंग विद्यापीठाने १९८६ पासून वेगवेगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकवायला सुरुवात केली आणि १९९६ मध्ये विद्यार्थ्यांच्या हाती एक वॉर्डच दिला. वैद्यकीय, नर्सिंग, फिजिओथेरपीची मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली खरे रुग्ण मिळून सांभाळतात. सकाळी ठरवायचं, दुपारी निस्तरायचं, संध्याकाळी आपण कुठे चुकलो ते एकमेकांसमोर बोलायचं.

यावर मला सर्वांत जास्त ऐकायला मिळतं ते असं: "हे सगळं कामावर लागल्यावर आपोआप शिकतात." कामावर काय शिकतात ते मी सांगते. पहिल्याच महिन्यात मी एका चिठ्ठीबद्दल शंका विचारायला डॉक्टरांना फोन केला. उत्तर आलं, "तुम्ही द्या, मी बघतो." पलीकडून हसण्याचा आवाज आला. मालकांनी संध्याकाळी समजावलं की डॉक्टरांना त्रास द्यायचा नसतो. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीने रुग्णाला औषध समजावून सांगणं हे माझं कर्तव्य ठरवलं आहे, मालकांनी ते हिशेबात धरलेलं नाही. काम शिकवतं ते गप्प बसायला. चाचांना मी दिलेलं उत्तर हे त्या शिक्षणाचं फळ होतं.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे: याने रुग्णाला फायदा होतो याचा पुरावा काय? पुरावा आहे, पण मी त्याला फुगवणार नाही. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात पंधरा अभ्यास तपासले गेले. सातांत चांगला परिणाम, चारांत संमिश्र, चारांत काहीच नाही. एवढ्यावर मिरवणूक काढता येत नाही. पण याच्या शेजारी आणखी एक गोष्ट ठेवून पाहा. शस्त्रक्रियेआधीची सुरक्षा यादी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरून पाहिली गेली. चीर देण्याआधी सर्जन, भूलतज्ज्ञ, नर्स सगळ्यांनी थांबायचं, नाव आणि काम सांगायचं, शंका असेल तर बोलायचं. २००९ मध्ये निष्कर्ष आले: मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यावर आलं. मग कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात हीच यादी प्रांतभर लागू झाली आणि २०१४ च्या अहवालात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. यादी म्हणजे कागद. मी त्याचा अर्थ असा लावते की ज्यांना एकमेकांसमोर बोलायची सवय नाही, ते कागदावर टिक करून पुढे जातात. ती सवय चाळिशीत एका परिपत्रकाने लागत नाही. एकोणिसाव्या वर्षी लागू शकते.

"मग जबाबदार कोण? सगळेच पुढारी झाले तर?" हा प्रश्न सहसा डॉक्टर विचारतात. निर्णय डॉक्टरचाच राहील, माझं भांडण त्याच्याशी नाही. २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात डॉक्टरच्या पाच भूमिका दिल्या आहेत, त्यांतली एक आहे 'आरोग्यपथकाचा नेता आणि सदस्य'. आपल्याकडे पहिला शब्द वाचून पुस्तक मिटतात.

आता आपल्या घरात येऊ, कारण मला खरं भांडायचं आहे ते इथे.

निकाल लागले की जमातीचा गुणगौरव सोहळा होतो. एमबीबीएसला लागलेला पोरगा व्यासपीठावर, शाल, ट्रॉफी, बापाच्या डोळ्यांत पाणी. बीडीएस, बीयूएमएसला टाळ्या. फार्मसीवाल्यांची नावं एका दमात वाचतात. नर्सिंगच्या मुलींची नावं वाचतच नाहीत. त्यांच्या आयाच सांगतात, "नाव नका घेऊ, स्थळं येतायत." आणि त्याच व्यासपीठावरून त्याच संध्याकाळी कुणीतरी वक्ता हजरत रुफैदांचा दाखला देतो: इस्लाममधल्या पहिल्या परिचारिका, मदिनेत मशिदीजवळ तंबू टाकून जखमींची सेवा करायच्या. सभागृह सुभानअल्लाह म्हणतं. सुभानअल्लाह म्हणणाऱ्यांतल्या किती जणांनी नर्स सून केली? मी मोजायला बसले तर एका हाताची बोटं उरतात.

ही उतरंड आपल्याला ओळखीची आहे. जुलाहा, कसाई, बागवान, सय्यद, खान असं बिरादऱ्यांचं गणित नाकारणाऱ्या घरांतसुद्धा पदव्यांची बिरादरी बिनबोभाट पाळली जाते. अशा घरातून आलेला डॉक्टर ओपीडीत सिस्टरचं ऐकून घेईल ही अपेक्षा भाबडी आहे. त्याला लहानपणापासून शिकवलंय की त्याने बोलायचं आणि इतरांनी ऐकायचं.

इब्न सीनाचंही तसंच. त्याचा फोटो नसलेलं युनानी कॉलेज मी पाहिलेलं नाही. पण त्या काळातल्या बिमारिस्तानात हकीम, औषधं बनवणारे, परिचारक आणि शिकणारी मुलं एकाच छताखाली काम करायची. आपण फोटो लावला आणि छत वाटून घेतलं. आज बीयूएमएसची मुलगी आणि एमबीबीएसचा मुलगा एकाच मोहल्ल्यात राहून एकमेकांच्या शास्त्राची टिंगल करतात. रुग्ण मात्र दोघांकडे जातो आणि दोघांपासून लपवतो. डॉक्टर ओरडतील म्हणून हकीमसाहेबांचा माजून सांगत नाही, आणि हकीमसाहेबांना वाईट वाटेल म्हणून इंग्रजी गोळी सांगत नाही. कुश्त्यांमध्ये धातू असतात, काहींत पाराही असतो. ते घेणाऱ्या माणसाचं मूत्रपिंड तपासताना डॉक्टरला ते माहीत असायला नको? युनानी खरी की खोटी हा वाद घालायचा तर जरूर घाला, मीही घालेन. पण रुग्णाच्या पोटात दोन्ही एकत्र आहेत, तुमचा वाद मिटेपर्यंत तो थांबणार नाही.

या वर्षी शाबानमध्ये आम्ही काही जणांनी एक प्रयोग केला. एक एमबीबीएसचा इंटर्न, बीयूएमएसची एक मुलगी, जीएनएम करणाऱ्या दोघी, माझ्या ओळखीचे बी.फार्म.चे तीन विद्यार्थी, आहारशास्त्राची एक. मोहल्ल्याच्या हॉलमध्ये तीन रविवार. मधुमेह असलेल्या आणि रोजे ठेवू इच्छिणाऱ्या लोकांनी सगळ्या गोळ्या, पुड्या, रिपोर्ट पिशवीत घालून आणायचे. आपल्या नेहमीच्या आरोग्य शिबिरासारखी डॉक्टरच्या टेबलापुढे रांग नाही. एका माणसाभोवती सगळे बसायचे, त्याचं ऐकायचं, मग एकमेकांना विचारायचं, आणि निघालेला प्रश्न चिठ्ठीवर लिहून त्याच्या डॉक्टरांकडे पाठवायचा. औषध आम्ही बदलायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी केला.

पहिला रविवार वाया गेला. इंटर्न एकटाच बोलत होता आणि बाकी सगळे, मीसुद्धा, मान डोलावत होतो. दुसऱ्या रविवारी जीएनएमच्या एका मुलीने, जी तोवर फक्त बीपी घेत होती, एका खालांना विचारलं की गोळ्यांचं पाकीट महिन्याचं असून दोन महिने कसं पुरलं. खाला अर्धी गोळी घेत होत्या, परवडत नाही म्हणून. इंटर्नने आधीच कागदावर 'मात्रा वाढवण्याचा विचार' असं लिहून ठेवलं होतं. त्याने ते खोडलं. मग बीयूएमएसच्या मुलीने पिशवीतली एक पुडी हुंगून विचारलं, ही कुणी दिली, आणि कोणत्या पुडीत काय असतं हे तिने आम्हा सगळ्यांना पहिल्यांदा सांगितलं. इंटर्न वहीत लिहून घेत होता. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, हे आम्ही प्रत्येकाला सांगत होतो. पण ते लोकांना पटलं ते तिसऱ्या रविवारी इमामसाहेब येऊन सांगून गेल्यावर. त्यांना बोलवायचं सुचलं ते आहारशास्त्राच्या मुलीला, आम्हाला नाही.

याला मी यश म्हणत नाही. चिठ्ठ्या घेऊन गेलेल्यांपैकी दोघांना त्यांच्या डॉक्टरांनी झापलं. एकाने चिठ्ठी फाडली. पण इंटर्न आता मला फोन करतो, आणि 'मॅडम' न म्हणता नावाने हाक मारून विचारतो की या दोन गोळ्या एकत्र चालतील का. तो उद्या डॉक्टर म्हणून ओपीडीत बसेल तेव्हा त्याच्या मेडिकलवरची पोरगी फोन करायला घाबरणार नाही, एवढं मला वाटतं.

आपल्या संस्थांना यासाठी इमारत लागत नाही. पुण्याच्या आझम कॅम्पसमध्ये युनानी, दंतवैद्यक आणि फार्मसीची महाविद्यालयं एकाच आवारात आहेत. जिथे दोन शाखा शेजारी आहेत तिथे महिन्यातून एक दुपार, एक रुग्ण, मिश्र गट आणि अंतर्गत गुणांत दहा गुण एवढं करायला कुठल्या आयोगाची परवानगी लागते? जिथे एकच शाखा आहे तिथे शेजारच्या गावातल्या नर्सिंग स्कूलला पत्र लिहा. आणि तुम्ही विद्यार्थी असाल तर संस्थेसाठी थांबूही नका. आपल्या मोहल्ल्यात वेगवेगळ्या कोर्सला असलेली चार नावं तुम्हाला आत्ता आठवतील. पुढचं शिबिर ठरेल तेव्हा टेबलांची रांग लावायला नकार द्या.

चाचा वॉकर घेऊन दुसऱ्या रविवारी आले होते. पिशवी आणली होती. माझ्याकडे न बघता त्यांनी ती इंटर्नच्या हातात दिली, ते मला लागलं, पण त्यात त्यांचं काही चुकलं नाही. या वर्षीचे त्यांचे रोजे डॉक्टरांनी बंद केले आहेत, मूत्रपिंडामुळे. फिदिया कसा आणि किती, हे त्यांनी इमामसाहेबांना विचारलं.

जमातीच्या कमिटीला मी पत्र दिलं आहे. यंदाच्या गुणगौरवात जीएनएम आणि एएनएम पास झालेल्या सात मुलींची नावं वाचावीत, त्यांना एमबीबीएसवाल्यांच्याच ओळीत बसवावं. मुलींच्या घरच्यांना आधी विचारलं. पाच घरांनी हो म्हटलं. कमिटीचं उत्तर अजून आलेलं नाही.